दोन मुलं, एक परीक्षा आणि इंग्रजी

इंग्रजी आपल्या भागात कशी आली, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, ती परीक्षेच्या रूपानं आली. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. साहेब आला, त्याची कचेरी आली, टपाल आलं, तार आली. पण सामान्य माणसाच्या घरात इंग्रजीचं पाऊल पडलं ते 'मॅट्रिक' या एका शब्दाबरोबर. माझ्या लहानपणी पेणमधली जुनी माणसं कुणाची ओळख करून देताना 'हा मॅट्रिक झालेला' असं अदबीनं सांगत. जो उत्तीर्ण झाला नव्हता त्यालाही 'मॅट्रिकपर्यंत गेलेला' म्हणत. म्हणजे नापास होण्यालाही मान होता. त्या माणसाला इंग्रजी बोलता येतं का, वाचलेलं समजतं का, हे मात्र कुणी विचारत नसे.

आता मॅट्रिकची जागा दुसऱ्या परीक्षांनी घेतली आहे. आयईएलटीएस, टोफेल, ओईटी ही नावं आपल्या तालुक्याच्या गावांतल्या मुलामुलींच्या तोंडी सहज येतात. परदेशात शिकायला जायचं, नर्सची नोकरी धरायची, तर आधी ही परीक्षा. आईबापांची चिंता त्याहून आधी सुरू होते, बालवाडीचा अर्ज भरतानाच. मराठी माध्यम की इंग्रजी? या सगळ्या धावपळीत भाषा आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरत चाललो आहोत. म्हणून आज मला आपल्याच जिल्ह्यातल्या दोन मुलांची हकिकत सांगायची आहे. एक पेण तालुक्यातला आणि दुसरा रोह्याचा. दोघं एकाच काळातले, आणि दोघांच्याही वाटेत तीच इंग्रजी आणि तीच परीक्षा उभी होती.

पण त्याआधी थोडं मागं जायला हवं, कारण इंग्रजी की मातृभाषा हे भांडण आपल्याला वाटतं तेवढं नवं नाही. मेकॉलेचा तो प्रसिद्ध खलिता १८३५ सालचा. मुंबई इलाख्यात १८४० साली शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' स्थापन झालं. त्या बोर्डात पुढच्या दशकात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं म्हणणं, वरचं शिक्षण द्यायचं ते इंग्रजीतूनच. कर्नल जर्व्हिस यांचं म्हणणं, लोकांना त्यांच्या भाषेतून शिकवलं तरच ज्ञान खाली झिरपेल. गंमत बघा, दोघंही इंग्रजच. बोर्डातले हिंदी सभासद जर्व्हिसच्या बाजूनं उभे राहिले. त्यांत नाना शंकरशेठ होते, फ्रामजी कावसजी होते आणि महंमद इब्राहिम मकबा होते.

नाना शंकरशेठांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मकबांचं नाव आपल्या कोकणातही फारसं कुणी घेत नाही. हे कोकणी मुसलमान. इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्थानी भाषा शिकवणारे मुन्शी. त्यांनी १८२३ साली 'तुहफा-ए-एल्फिन्स्टन' या नावाचं हिंदुस्थानी व्याकरण लिहिलं. त्या काळात कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्याला बढती आणि भत्ता हवा असेल तर देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे. म्हणजे परीक्षेच्या धास्तीनं रात्री दिवा जाळून बसायचा तो साहेब, आणि त्याचा उच्चार सुधारायचा तो आमचा मुन्शी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याच्यामागंही हीच गरज होती. राज्य चालवायचं तर रयतेची भाषा यायला हवी, हे साहेबाला कळत होतं.

पुढं पारडं फिरलं. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक, हे ते चौघं. त्यानंतर सरकारी नोकरी, वकिली, कॉलेज, सगळ्या दारांची किल्ली एकच झाली. हायस्कुलात भूगोल शिकायचा तो इंग्रजीतून, बीजगणित सोडवायचं ते इंग्रजीतून. ज्यांना हे परवडत नव्हतं ते मराठी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल होऊन शाळामास्तर किंवा तलाठी होत. एका गावात दोन जाती तयार झाल्या, मॅट्रिकवाले आणि फायनलवाले. 'निबंधमाला' लिहून मराठी गद्याला धार देणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली पुण्यात शाळा काढली, तिचं नाव 'न्यू इंग्लिश स्कूल'. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याचा प्रघात त्यांच्याच नावावर आहे. काळाचा रेटाच तसा होता.

या रेट्यात आपली दोन मुलं जन्माला आली. विनायक नरहर भावे याचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोदे गावी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी. चिंतामण द्वारकानाथ देशमुख याचा जन्म महाडजवळच्या नाते गावी, १४ जानेवारी १८९६ रोजी. घर रोह्याचं, वडील तिथले वकील. दोघांत अंतर अवघ्या चार महिन्यांचं. पहिल्याला आपण विनोबा म्हणून ओळखतो, दुसऱ्याला सी. डी. देशमुख म्हणून. गागोदे आणि रोहा यांच्यामध्ये काही मैलांचे डोंगर आणि भातशेती, एवढंच काय ते अंतर. या दोघांचा जन्म एकाच जिल्ह्यातला आणि एकाच हंगामातला, ही गोष्ट शाळेत असताना मला कुणी सांगितली नव्हती. दोघांचे धडे पुस्तकात निरनिराळ्या इयत्तांना येत.

चिंतामणची गोष्ट परीक्षेच्या विजयाची. रोह्यातलं बालपण संपवून तो मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला साऱ्या इलाख्यात पहिला आला. त्याच परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यानं मिळवली. इथं जरा थांबावंसं वाटतं. ज्या नाना शंकरशेठांनी बोर्डात देशी भाषांची बाजू लावून धरली, त्यांच्याच नावाची ही शिष्यवृत्ती. इंग्रजीच्या परीक्षेत अव्वल आलेल्या रोह्याच्या मुलाच्या पाठीवर तिची थाप पडली. पुढं तो केंब्रिजला जीझस कॉलेजात गेला, वनस्पतिशास्त्र शिकला, १९१७ साली तिथलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. आणि १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला. ही परीक्षा तेव्हा फक्त लंडनला होई. हिंदुस्थानात, अलाहाबादला, ती १९२२ पासून सुरू झाली. म्हणजे साहेबाच्या गावात, साहेबाच्या भाषेत, साहेबाच्या मुलांबरोबर बसून कोकणातला मुलगा पहिला आला.

विनायकची गोष्ट उलटी. गागोद्यातून तो वडिलांच्या नोकरीमुळं बडोद्याला गेला. वडिलांची दृष्टी आधुनिक. त्यांनी मुलाला शाळेत फ्रेंच घ्यायला लावलं. आईचा ओढा वेगळा, मुलानं संस्कृत शिकावं असं तिला वाटे. १९१३ साली तो मॅट्रिक झाला आणि बडोदा कॉलेजात गेला. अभ्यासात कच्चा म्हणावा असा मुळीच नव्हता. पण मन लागेना. एक दिवस आई चुलीपाशी बसली असताना त्यानं आपले शाळेचे दाखले, प्रमाणपत्रं चुलीत घातली. आईनं विचारलं, कधी तरी उपयोगाला आली असती ना? त्याचं उत्तर होतं, मला नोकरी करायची नाही. मग २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला हा वीस वर्षांचा मुलगा वाटेत सुरतेला उतरला आणि काशीची गाडी धरली. परीक्षेला न जाता दुसरीकडं जातो आहे, असं वडिलांना पत्रानं कळवलं.

काशीत तेव्हा एका भाषणाची चर्चा चालू होती. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधीजी बोलले होते. काशीसारख्या गावात आपल्याच देशबांधवांशी परक्या भाषेत बोलावं लागतंय याची लाज वाटते, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. पुण्याच्या काही प्राध्यापकांशी झालेल्या बोलण्याचा हवाला देऊन ते म्हणाले की, इंग्रजीतून ज्ञान घ्यायच्या पायी प्रत्येक हिंदी तरुणाची आयुष्यातली निदान सहा वर्षं वाया जातात. विनायकानं हे भाषण वाचलं, गांधीजींना पत्र लिहिलं, आणि ७ जूनला अहमदाबादेजवळ कोचरबच्या आश्रमात त्यांची भेट झाली. पुढचं आयुष्य सगळ्यांना ठाऊक आहे.

आता या दोन गोष्टी समोरासमोर ठेवून एक इंग्रजीचा भक्त आणि एक इंग्रजीचा वैरी, असा निवाडा करायचा मोह होतो. पण तसं ते नाही. विनोबांनी परीक्षा सोडली, भाषा सोडली नाही. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, फ्रेंच येत होतं. पुढं त्यांनी अरबी शिकून कुरआनाचा अभ्यास केला आणि 'कुरआन-सार' हे पुस्तक सिद्ध केलं. हिंदुस्थानातल्या कितीतरी भाषा ते शिकले, आणि त्यांपैकी एकाही भाषेचा दाखला त्यांनी कुणाला दाखवला नाही. आईला संस्कृत येत नव्हतं, तिच्या इच्छेला मान देऊन गीता मराठीत आणली, ती 'गीताई' १९३२ साली निघाली. आई तेव्हा हयात नव्हती. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात मराठीतून सांगितलेली गीतेवरची प्रवचनं साने गुरुजींनी उतरवून घेतली. ती पुढं इंग्रजीसह कितीतरी भाषांत गेली. म्हणजे परीक्षा सोडलेल्या माणसाचे मराठी शब्दच भाषांतराच्या वाटेनं इंग्रजीपर्यंत पोचले.

आणि देशमुख? रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर ते १९४३ साली झाले. जागतिक युद्ध चालू, डोक्यावर साऱ्या देशाच्या चलनाचा भार. अशा काळात, १९४४ साली, त्यांनी कालिदासाच्या 'मेघदूता'चा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला. दिवसभर इंग्रजीत टिपणं लिहिणारा माणूस संध्याकाळी संस्कृत आणि मराठीच्या सोबतीला बसत होता. गांधीजींची वचनं त्यांनी संस्कृत श्लोकांत बांधली. १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्याच्या इंग्रजीला लंडननं पहिला नंबर दिला, तो माणूस मराठी मुलखाच्या प्रश्नावर सत्ता सोडून बाहेर पडला.

या दोघांच्या आयुष्यातले योगायोग तर थक्क करणारे आहेत. रॅमन मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षी तो विनोबांना मिळाला. पुढच्या वर्षी, १९५९ साली, देशमुखांना. १९८२ साली गांधीजयंतीच्या दिवशी देशमुख गेले आणि सहा आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, विनोबा गेले. चार महिन्यांच्या अंतरानं आलेले दोघं दीड महिन्याच्या अंतरानं गेले. मला मात्र योगायोगापेक्षा एक साम्य महत्त्वाचं वाटतं. दोघांच्याही इंग्रजीच्या खाली आपल्या भाषेचं जोतं पक्कं होतं. त्यावर एकानं परीक्षेचा मजला चढवला, दुसऱ्यानं नाही चढवला. घर दोघांचंही टिकलं.

याच सुमाराला दूर केंब्रिजमध्ये एक छोटी घटना घडली. परदेशी लोकांचं इंग्रजी तपासण्यासाठी केंब्रिज विद्यापीठानं १९१३ साली 'प्रोफिशन्सी'ची परीक्षा सुरू केली. आजच्या सगळ्या इंग्रजी-कौशल्य परीक्षांची ही आजी म्हणायला हरकत नाही. पहिल्या वर्षी किती उमेदवार बसले? तीन. आणि किती पास झाले? एकही नाही. परीक्षा बारा तासांची होती. निबंध होता, व्याकरण होतं, साहित्य होतं, उच्चारशास्त्र होतं, शिवाय तोंडी परीक्षा होती. आणि भाषांतर होतं. फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत त्या भाषेत. म्हणजे निदान भाषांतराच्या पेपरात तरी उमेदवाराच्या मायभाषेला बसायला पाट मांडलेला होता.

आपल्याकडच्या जुन्या शिकवण्यातही तो पाट होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं. इंग्रजी द्यायचं, त्याचं मराठी करायचं. आज ही पद्धत जुनाट म्हणून बाजूला पडली आहे, आणि तिच्यात दोष होतेच. बोलण्याचा सराव होत नसे. पण एक गोष्ट त्या पाठमालेनं कधी केली नाही. तिनं मुलाला असं वाटू दिलं नाही की, इंग्रजीच्या वर्गात शिरताना मराठी चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची असते.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं पाचवी ते सातवीतलं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. हेतू चांगला होता, मातृभाषेला मोकळा श्वास मिळावा. १९४९ च्या सुमारास मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली. पण नोकरीच्या बाजारात इंग्रजीचा भाव उतरला नाही, त्यामुळं ज्याला परवडलं त्यानं बाहेरून शिकवणी लावली आणि ज्याला परवडलं नाही तो मागं राहिला. पुढं इंग्रजी पुन्हा पाचवीवर आलं. देशमुख विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष असताना, १९५७ साली, कुंझरू समितीचा अहवाल आला. शिक्षणाचं माध्यम बदललं तरी विद्यार्थ्यांनी इंग्रजी शिकत राहावं, ती दुसरी भाषा म्हणून नीट शिकवण्याची पद्धत बसवावी, असा त्याचा रोख होता. १९५८ साली हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. दुसरी भाषा शिकवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे तेव्हा आपल्याकडं मान्य झालं. ते शास्त्र तालुक्याच्या शाळेच्या फळ्यापर्यंत किती पोचलं, हा प्रश्न वेगळा.

'दुसरी भाषा' हा शब्दही आपल्या भागात जरा जपूनच वापरावा लागतो. माझंच सांगतो. घरात आम्ही कोकणी मुसलमानांची बोली बोलायचो, जिच्यात मराठीचा पाया आणि फारसी-अरबीची नक्षी. मौलवीसाहेबांकडं अरबी अक्षरं गिरवायचो. अब्बा उर्दू वर्तमानपत्र वाचायचे. शाळेत पुस्तकी मराठी. रेडिओवर हिंदी. आणि पाचवीत इंग्रजी आली. हिशेब करा, ती माझी कितवी भाषा? वर्गात माझ्या शेजारी आगरी मुलगा बसायचा, त्याच्या घरची बोली वेगळी. डोंगरातल्या वाडीवरून येणारा कातकरी मुलगा, त्याची बोली त्याहून वेगळी. पुस्तकातली मराठीच आम्हा तिघांची दुसरी भाषा होती. बोर्डाच्या कागदांत मराठी शाळेतल्या इंग्रजीला 'तृतीय भाषा' म्हणतात. आमच्यासाठी तोही आकडा कमीच होता.

पण यात रडण्यासारखं काही नाही, उलट हा आमचा ठेवा होता. आमच्या समाजातली कितीतरी माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर होती. दर्यावर्दी लोकांची बोली म्हणजे जगाचा बाजार. अरबी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी, इंग्रजी, सगळं एका तांड्यात. ती बोली इंग्रज कप्तानांना कळावी म्हणून टॉमस रोबक या लष्करी अधिकाऱ्यानं १८११ साली कलकत्त्यात जहाजी शब्दांचा कोशच छापला. आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे खलाशी लंडन, ग्लासगो, सिडनी ही नावं पनवेल-नागोठण्याच्या सुरात घेत. इंग्रजीत सौदा करत, भांडत, डॉक्टरला दुखणं सांगत. त्यांच्यापैकी कुणी मॅट्रिकच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. आणि त्याच मोहल्ल्यात मॅट्रिक झालेला एखादा कारकून साहेबासमोर 'येस सर'च्या पुढं जात नसे. मुलगा म्हणून मला प्रश्न पडायचा, यातलं इंग्रजी येणारा कोण?

आता माझ्या घरातली अलीकडची गोष्ट सांगतो. माझी भाची नर्सिंग शिकलेली. तिला ब्रिटनला जायचं होतं. तिथल्या नोंदणीसाठी आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत सात बँड लागतात, लिहिण्यात साडेसहा चालतात. ही परीक्षा १९८९ पासून आजच्या नावानं चालू आहे, गुण शून्य ते नऊ, आणि निकाल साधारण दोन वर्षंच ग्राह्य धरतात. इंग्रजी जणू औषधाची बाटली, मुदत संपली की टाकून द्यायची! मुलीचं ऐकणं-वाचणं चांगलं. अडायची ती लिहिण्यात आणि बोलण्यात. क्लासमध्ये तिला साचे दिले होते. कुठलाही विषय येवो, सुरुवात अशी, मधला परिच्छेद असा, शेवट असा. तिनं ते सगळं आमच्या वेळच्या पोरांनी 'माझा आवडता सण' पाठ केला तसं पाठ केलं.

एकदा ती सरावाचं कार्ड घेऊन माझ्याकडं आली. या परीक्षेच्या तोंडी भागात एक कार्ड देतात, विचाराला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटं. कार्डावर होतं, तुमच्या गावातल्या एखाद्या कारागिराविषयी सांगा. तिनं राजस्थानातल्या कुठल्याशा कुंभाराचं पाठ केलेलं वर्णन सुरू केलं. मी म्हटलं, "बाय, तू पेणची. घराच्या मागं गणपतीचा कारखाना आहे. राजस्थानात कशाला गेलीस?" ती म्हणाली, "मामू, ते इंग्रजीत कसं सांगायचं?" मी म्हटलं, "आधी आपल्या बोलीत सांग." आणि ती बोलायला लागली. शाडूची माती कशी मळतात, साच्यातून काढलेली मूर्ती उन्हात कशी वाळवतात, पावसात कारागिरांची कशी तारांबळ उडते, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी करणारा माणूस कसा श्वास रोखून बसतो. चांगली दहा मिनिटं बोलली. मग आम्ही दोघांनी मिळून ते इंग्रजीत आणलं. कारखाना, माती, ऊन, डोळे, यांपैकी एकाही शब्दासाठी मोठं इंग्रजी लागलं नाही. लिहिण्याच्या पेपराचंही आम्ही तसंच केलं. अडीचशे शब्दांचा निबंध असतो, एखाद्या प्रश्नावर मत मांडायचं असतं. इंग्रजीत लिहिण्याआधी ती मला आपलं मत आपल्या भाषेत सांगायची. बरेचदा लक्षात यायचं की, अडचण इंग्रजीची नव्हतीच. तुझं मत काय, हे तिला शाळेपासून कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिचं काम झालं. श्रेय तिच्या मेहनतीचं. मी फक्त तिला तिच्याच घराची वाट दाखवली.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते आणि वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. एक बाजू म्हणे मराठी मरेल, दुसरी म्हणे गरिबाच्या पोराला संधी मिळेल. गरिबाच्या पोराला इंग्रजी मिळालंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. ज्यांना ते आयतं मिळालं त्यांनी दुसऱ्याला मातृभाषेचे गोडवे ऐकवू नयेत. पण पहिलीत आणलेलं इंग्रजी जर पुन्हा गुणपत्रिकेपुरतंच राहिलं, तर आपण मॅट्रिक फक्त दहावीवरून पहिलीवर आणली एवढंच होईल. आणि घरात मराठी नीट नाही, शाळेत इंग्रजी नीट नाही, अशी मुलं मी रोज पाहतो. त्यांना दोन्ही भाषांत वाक्य पुरं करता येत नाही. राग आला, दुःख झालं, तरी ते मांडायला शब्द नाहीत. कवी म्हणून मला त्याची भीती वाटते. ज्या मुलाला दुःख सांगता येत नाही, ते मूल पुढं हात उचलतं किंवा गप्प बसतं.

याच्या उलट आशेच्या जागाही आहेत. १९७९ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. इंग्रजीचा पेपर फक्त उत्तीर्ण व्हावा लागतो. २०११ साली पूर्वपरीक्षेत इंग्रजी आकलनाचे प्रश्न आले तेव्हा ग्रामीण मुलांनी आवाज उठवला, आणि २०१४ साली ते गुण गुणवत्तेत धरायचे नाहीत असं ठरलं. ठाण्याच्या महापालिकेनं १९८७ साली स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनासाठी संस्था काढली, तिला नाव दिलं चिंतामणराव देशमुखांचं. आयसीएससाठी लंडन गाठावं लागलेल्या माणसाच्या नावाच्या संस्थेत आज मराठी शाळेतली मुलं तयारी करतात. आणि परप्रांतातून महाराष्ट्रात नेमून आलेल्या अधिकाऱ्याला आजही मराठीची परीक्षा द्यावी लागते. मकबा मुन्शींच्या काळातला तो धागा अगदीच तुटलेला नाही.

तरुण मुलामुलींना माझं सांगणं एवढंच. परीक्षा द्या, जरूर द्या, चांगले बँड मिळवा, जग पाहा. परीक्षा म्हणजे खाडीवरची तर. पैसे भरायचे, पलीकडे जायचं, तिच्यावर घर बांधायचं नाही. आणि आईबापांना सांगणं असं की, मुलाला इंग्रजी किती येतं हे पाहुण्यांसमोर तपासण्याआधी, त्यानं आज दिवसभरात काय पाहिलं, हे रात्री जेवताना त्याला घरच्या भाषेत सांगू द्या. मधे थांबवू नका, चूक काढू नका. ज्या मुलाला एका भाषेत मनातलं सगळं सांगता येतं, त्याला दुसरी भाषा शिकवायला मास्तर भेटतोच.